नोवी सादचा हिवाळा: रस्त्यावर शुकशुकाट, दारामागे सण

दुनावकाठी | ८ जानेवारी, रात्री ९.१०

सर्बियात राहते म्हटलं की निम्म्या लोकांना सायबेरिया ऐकू येतं आणि उरलेल्यांना सीरिया. दोन्ही नाही. नोवी साद हे सर्बियातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, बेलग्रेडपासून साधारण ८० किलोमीटरवर, दुनावच्या काठी. दुनाव म्हणजे आपण शाळेत शिकलेली डॅन्यूब. काल ७ जानेवारीला इथला ख्रिसमस झाला. त्यावर घरच्या व्हॉट्सॲप गटात "अजून संपला नाही का तुमचा डिसेंबर?" अशी चौकशी झाली. नाही संपला. अजून बरेच दिवस पुरेल. त्याबद्दलच लिहिते.

थंडीचं आधी उरकते, कारण सगळे तेच विचारतात. जानेवारीत सरासरी तापमान शून्याच्या आसपास असतं, एखादी रात्र उणे दहापर्यंत जाते. बर्फ पडला की चार दिवस फोटो निघतात, मग त्याचा राखाडी चिखल होतो आणि बूट खराब होतात. २०१२ च्या फेब्रुवारीत आणि २०१७ च्या जानेवारीत दुनाववर बर्फ साचून जहाजं थांबली होती, ते इथले लोक अजून सांगतात. पण जीव खातो तो अंधार. डिसेंबरात दुपारी चार वाजता सूर्य मावळतो, त्याआधीही तो धुक्याआडच असतो. त्यात आसपासच्या वस्त्यांमधल्या लाकूड-कोळशाच्या शेगड्यांचा धूर मिसळतो. वारा नसलेल्या संध्याकाळी घसा लगेच सांगतो की आज हवा वाईट आहे. आग्नेयेकडून कोशावा वारा सुटला की धूर जातो, पण मग माणसंही उडतात. नदीपलीकडच्या पेत्रोवारादिन किल्ल्यावरच्या घड्याळालासुद्धा थंडी बाधते. ते गारठ्यात मागे पडतं आणि उन्हाळ्यात पुढे पळतं, म्हणून लोक त्याला दारुडं घड्याळ म्हणतात. शिवाय त्याचा मोठा काटा तासाचा आहे आणि लहान मिनिटांचा, नदीतल्या नावाड्यांना लांबून तास कळावा म्हणून. नवा पाहुणा तिथे हमखास गोंधळतो.

घरात मात्र उकाडा. शहराच्या बऱ्याच भागांत घरं तापवायचं गरम पाणी मध्यवर्ती केंद्रांतून नळांनी घरोघरी येतं. १५ ऑक्टोबरला हे सुरू होतं आणि १५ एप्रिलला बंद. जुन्या इमारतींत रेडिएटरला धड चावी नसते, त्यामुळे बाहेर उणे पाच आणि आत लोक टी-शर्टात. आमच्या आधीच्या भाड्याच्या घरात ही सोय नव्हती, तिथे "ता पेच" होती. कपाटाएवढी, आत विटा भरलेली विजेची शेगडी. रात्री वीज स्वस्त असते तेव्हा विटा तापवायच्या आणि दिवसभर ती ऊब पुरवायची. संध्याकाळी सातपर्यंत विटा निवतात आणि मग सगळं कुटुंब रजईत.

आणि एवढ्या गरम घरात खिडकी उघडायची सोय नाही, कारण प्रोमाया! दोन खिडक्यांमधून आरपार येणारा वारा. मान धरली, कान दुखला, मूत्रपिंडाला थंडी बसली, सगळ्याचं कारण तेच. माझ्या सहकाऱ्यांमध्ये डॉक्टरेट केलेले लोक आहेत, तेही प्रोमायापुढे हात टेकतात. ओल्या केसांनी बाहेर पडलात तर अनोळखी बाई रस्त्यात थांबवून रागावते. कोणाच्याही घरी गेलात की दारातच बूट काढायचे आणि घरचे लोक सपाता पुढे करतात. अनवाणी चालणं हा जवळपास गुन्हा.

आता सण. सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च ज्युलियन पंचांग पाळतं, जे आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या १३ दिवस मागे आहे. म्हणून त्यांचा २५ डिसेंबर ७ जानेवारीला येतो. नोवी साद ज्या वोय्वोदिना प्रांताची राजधानी आहे तो १९१८ पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीत होता. हंगेरियन, स्लोवाक, क्रोएशियन, रोमानियन, रुसिन असे सगळे इथे राहतात आणि प्रांतात सहा भाषांना अधिकृत दर्जा आहे. कॅथलिकांचा ख्रिसमस २५ डिसेंबरलाच. मध्ये १ जानेवारी सगळ्यांची. मग १३ जानेवारीच्या रात्री ज्युलियन नवं वर्ष, त्यालाही फटाके. भेटी आणणारा म्हातारा, देदा म्राझ, तो ख्रिसमसचा नाही, नव्या वर्षाचा. सजवलेलं झाडही नव्या वर्षाचंच. युगोस्लाव्हियाच्या समाजवादी काळात धर्म बाजूला सारून हे सगळं ३१ डिसेंबरवर आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. अजूनही कंपन्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना नव्या वर्षाचे खाऊचे पुडे देतात. ३१ ची मेजवानी १ तारखेच्या रात्री उरलेल्या सार्मावर पुन्हा होते, त्याला सरळ "रेप्रिझा" म्हणतात.

पर्यटक म्हणून आलात तर तुम्हाला दिसेल ते ३१ डिसेंबरचं. मधला चौक त्र्ग स्लोबोदे, तिथला शिल्पकार मेश्त्रोविचने घडवलेला सर्ब नेता मिलेतिचचा पुतळा, मागे कॅथलिक चर्चचा उंच मनोरा, झ्माय योविना रस्त्यावर दिवे, गरम वाइनचे आणि भाजलेल्या चेस्टनटचे ठेले. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण असं युरोपात शंभर ठिकाणी दिसतं. इथला खरा सण घरात होतो, आणि तो बघायला कोणाच्या तरी दारातून आत जावं लागतं. ७ जानेवारीला दुकानं बंद, कॅफे बंद, बस रिकामी. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल गावावर काही संकट आलंय.

आत जायचं सगळ्यात मोठं दार म्हणजे स्लावा. प्रत्येक ऑर्थोडॉक्स सर्ब कुटुंबाचा एक संत ठरलेला असतो. तो बापाकडून मुलाकडे येतो, लग्न झालेली बाई नवऱ्याच्या घरचा संत पाळते. आपल्या कुलदैवताची आठवण आल्याशिवाय राहत नाही. २०१४ मध्ये ही प्रथा युनेस्कोच्या यादीत गेली. सगळ्यात जास्त घरांचा संत निकोलस, त्याचा दिवस १९ डिसेंबर. त्या दिवशी आमचं ऑफिस अर्धं रिकामं असतं, कारण स्लावाच्या पहिल्या दिवशी सुट्टी घ्यायचा कायद्याने हक्क आहे. उरलेलं अर्धं ऑफिस संध्याकाळी त्यांच्याकडे जेवायला जातं.

स्लावाला बोलावणं करत नाहीत. एकदा गेलात की दर वर्षी यायचं, हे गृहीत. आम्हाला पहिल्यांदा खालच्या मजल्यावरच्या आजींनी हाताला धरून नेलं. आत गेल्यावर प्रथम ताटात येतं झितो: शिजवून वाटलेला गहू, साखर, अक्रोड. एक चमचा खायचा आणि चमचा शेजारच्या पाण्याच्या पेल्यात टाकायचा. टेबलावर नक्षीदार पाव, मेणबत्ती, लाल वाइन. जुन्या रिवाजाप्रमाणे घरधन्याने दिवसभर बसायचं नाही, उभं राहून वाढायचं. आजींचे मुलगे साठीच्या पुढचे, तरी थोरल्याने पाहुणे जाईपर्यंत खुर्चीला पाठ टेकली नाही. बरोबर न्यायचं काय, तर कॉफीचं पाकीट आणि चॉकलेटचा डबा, किंवा वाइन. फुलं नेलीत तर विषम संख्येत. सम फुलं मयताला.

ख्रिसमसच्या तीन आठवडे आधीपासून दर रविवारी एक गंमत असते. पहिल्या रविवारी मोठे लोक मुलांना दोरीने बांधतात आणि मुलं काहीतरी देऊन सुटतात. दुसऱ्या रविवारी मुलं आईला बांधतात, तिसऱ्या रविवारी बापाला, आणि मोठ्यांना खाऊ-भेटी देऊन सुटका करून घ्यावी लागते. माझ्या मुलीला हे सगळ्यात जास्त पटलंय.

६ जानेवारीची संध्याकाळ म्हणजे बाद्न्ये वेचे. बाजारात वाळक्या पानांच्या ओकच्या फांद्या गवताच्या काड्यांबरोबर बांधून विकायला येतात. संध्याकाळी चर्चसमोर मोठा जाळ करतात, लोक आपापली फांदी त्यात टाकतात. घरी टेबलाखाली गवत पसरतात, खोलीच्या चार कोपऱ्यांत अक्रोड फेकतात, पोरं पिलांसारखी "पियू पियू" करत त्यामागे धावतात. जेवण उपासाचं: मासे, भाजलेले राजमे, सुकामेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पहिलं पाऊल टाकणारा पाहुणा शुभ मानतात आणि तो आधीच ठरवून ठेवतात. त्याने चुलीतला ओक ढोसायचा, जितक्या ठिणग्या तितकी समृद्धी. फ्लॅटमध्ये चूल कुठली? आजी गॅसवर एक डहाळी पेटवतात आणि काम भागवतात.

यंदा तो पाहुणा आमची मुलगी होती. लोकरीचे मोजे मिळाले.

आणखी बरंच आहे, विचाराल तसं सांगेन. इतर ठिकाणच्या बाल्कनवासीयांनीही लिहा.

---

खादाड_खंडेराव | ८ जानेवारी, रात्री १०.०२

झकास धागा. पण खाण्यावर फारच हात आखडता घेतलात. सार्मा म्हणजे नक्की काय? आणि माझी बायको शाकाहारी आहे, अंडंही नाही. अशा देशात ती हिवाळ्यात जगेल का?

---

दुनावकाठी | ८ जानेवारी, रात्री १०.४५

खंडेराव, सार्मा म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या पानात खिमा-तांदूळ गुंडाळून तासन्‌तास मंद शिजवलेले रोल. गोष्ट कोबीपासून सुरू होते. शहराला लागूनच फुतोग आहे, तिथला कोबी प्रसिद्ध, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. नोव्हेंबरात लोक अख्खे गड्डे मिठाच्या पाण्यात पिंपात घालतात आणि पिंप बाल्कनीत किंवा तळघरात ठेवतात. मग सगळ्या जिन्याला तो वास. पहिल्या हिवाळ्यात नाक मुरडलं, आता तो नसला तर चुकल्यासारखं होतं. पिंपातलं पाणी १ जानेवारीच्या सकाळी डोकं धरून बसलेल्यांचं औषध.

तुमच्या बायकोसाठी उलट हाच सगळ्यात सोयीचा काळ आहे! २८ नोव्हेंबर ते ६ जानेवारी ख्रिसमसचा उपास असतो. मांस, अंडी, दूध सगळं बंद. सगळेच पाळत नाहीत, पण बेकऱ्या आणि दुकानं "पोस्नो" लिहून वेगळे पदार्थ ठेवतात: बटाट्याची, कोबीची पिता (पातळ पाऱ्यांत सारण भरून भाजतात ती), तेलातले केक. फक्त मासे पोस्नो धरतात, तेव्हा "बेझ रिबे", म्हणजे मासे नकोत, हे स्पष्ट सांगायचं.

खरा धोका वेगळाच. वोय्वोदिनात बिस्किटात आणि केकात सर्रास डुकराची चरबी घालतात. वानिलित्से नावाची जामची छोटी बिस्किटं आहेत, तोंडात विरघळतात, आणि विरघळण्याचं कारण तीच चरबी. "मास्त" शब्द लक्षात ठेवावा. उपासाच्या दिवसांत त्याच बिस्किटांची तेलातली आवृत्ती मिळते. राजम्यांचा प्रेब्रानात्स मिळाला तर सोडू नये. ढीगभर कांदा, लाल पपरिका, वर कुरकुरीत साय धरेपर्यंत भट्टीत.

---

तर्कटशास्त्री | ९ जानेवारी, सकाळी ७.३०

वर्णन छान. पण कुलदैवताची तुलना ताणलेली वाटते. कुलदैवताला ठिकाण असतं. जेजुरीला, तुळजापूरला जावं लागतं. स्लावाच्या संताला असं मूळ ठाणं आहे का? नसेल तर ही घरगुती पूजा झाली, कुलाचार नव्हे.

---

शेवंता_सातारकर | ९ जानेवारी, सकाळी ९.१५

शास्त्रीबुवा, आमच्याकडे कुलदैवताला जाणं पाच वर्षांतून एकदा घडतं, आणि घरातला कुलाचार दर वर्षी. घट बसतात, पुरण होतं, सवाष्ण जेवते. जिवंत राहिलंय ते घरातलंच. तेव्हा दुनावकाठीताईंचं मला पटलं.

---

दुनावकाठी | ९ जानेवारी, संध्याकाळी ६.२०

शास्त्रीजी, ठाण्याचा मुद्दा बरोबर आहे, तसं काही नाही. एक फरक मी भर घालते: स्लावा बाहेरच्यासाठी उघडा असतो. आमच्या माहेरी कुलाचाराला परक्याला बोलावत नाहीत. इथे परका आला नाही तर घरधनी हिरमुसतो.

शेवंता, घटाचं निघालंच आहे तर: १७ किंवा १९ डिसेंबरला इथे बशीत गहू पेरतात, ख्रिसमसपर्यंत वीतभर हिरवागार होतो, त्याला लाल फीत बांधून टेबलावर ठेवतात. मंडईत तयारही मिळतो. आजींना मी आमच्या घटाचा फोटो दाखवला, तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "फीत कुठे?"

---

निशचा_नाना | ९ जानेवारी, रात्री ८.५०

मीही सर्बियात आहे, दक्षिणेला निश शहरात. बांधकामावर. थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका.

गेल्या काही वर्षांत इथे भारतातून, नेपाळमधून कामगार बरेच आले आहेत. आम्ही एका वसतिगृहात राहतो, खोलीत चौघे. तुमच्या धाग्यातलं स्लावा, झितो, पियू पियू यातलं आम्ही काही पाहिलेलं नाही. तुम्ही म्हणता खरा सण घरात होतो, बरोबर आहे. पण घरात नेणारं कोणी नसेल तर सण म्हणजे फक्त बंद दुकानं. पहिल्या वर्षी ६ तारखेला सामान भरून ठेवायचं कोणी सांगितलं नाही, ७ ला पेट्रोल पंपावरच्या दुकानातून पाव आणि चिप्स आणले. ३१ ला चौकात गेलो होतो, गाणी होती, ते मात्र बरं वाटलं. चौकात कोणाची ओळख लागत नाही. म्हणून मला रस्त्यावरचा सण आवडतो, "शंभर ठिकाणी दिसतो" तसला असला तरी.

लोक वाईट नाहीत. मुकादम बाद्न्ये वेचेला राकियाची (इथली फळांची दारू) बाटली आणि अक्रोड देऊन गेला. मंडईत एक म्हातारा भेटला की दर वेळी "इंदिया! नेहरू, तितो, नासेर!" म्हणतो आणि दोन मिरच्या जास्त टाकतो.

---

दुनावकाठी | ९ जानेवारी, रात्री ९.४०

नाना, राग कसला. तुम्ही लिहिलंत ते मी लिहूच शकले नसते. आम्हाला आजी मिळाल्या, कारण आम्ही कुटुंब घेऊन त्याच इमारतीत वर्षानुवर्षं राहतोय. कंपनीच्या वसतिगृहाला खालचा मजला नसतो. तुमच्या म्हाताऱ्याचं कळलं. १९६१ ची अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद बेलग्रेडमध्ये झाली, त्या पिढीला नेहरू अजून शेजारच्या घरातले वाटतात.

निश लांब आहे, पण उन्हाळ्याआधी कधी नोवी सादला आलात तर कळवा. जेवायलाच या. मित्रांनाही आणा.

---

निशचा_नाना | ९ जानेवारी, रात्री ९.५५

येतो. एक शंका: तुमच्याकडे चेस्नित्सा गोड असते असं इथला ड्रायव्हर म्हणतो, आणि हसतो. इथे तर पावच असतो.

---

दुनावकाठी | ९ जानेवारी, रात्री १०.०५

त्याला हसू दे. ख्रिसमसचा चेस्नित्सा देशात बाकी ठिकाणी पाव असतो, आत नाणं लपवलेलं, सगळ्यांनी मिळून तोडायचा आणि नाणं ज्याला मिळेल त्याचं वर्ष चांगलं. वोय्वोदिनात मात्र पातळ पाऱ्यांमध्ये अक्रोड, बेदाणे आणि मध घालून करतात. नाणं त्यातही असतं. दातांना दोन्हीकडे सारखाच धोका.

---

पंचांगी | १० जानेवारी, दुपारी १.१०

कॅलेंडरचा विषय निघाला आहे म्हणून दोन शब्द. ज्युलियन आणि ग्रेगोरियन यांतला फरक कायम १३ दिवसांचा राहणार नाही. २१०० साल ज्युलियनमध्ये लीप आहे, ग्रेगोरियनमध्ये नाही. त्यानंतर फरक १४ दिवसांचा होईल आणि २१०१ पासून सर्बियन ख्रिसमस ८ जानेवारीला येईल.

गंमत अशी की हे दुरुस्त करण्याची सूत्रं एका सर्बानेच दिली होती. हिमयुगांचं गणित मांडणारे मिलुटिन मिलान्कोविच यांनी १९२३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या चर्च-परिषदेसमोर सुधारित ज्युलियन पंचांग मांडलं. ते ग्रेगोरियनपेक्षाही सूक्ष्म आहे. ग्रीक आणि रोमानियन चर्चने ठरलेल्या तारखेच्या सणांसाठी ते स्वीकारलं. सर्बियन चर्चने नाही. घरच्या वैद्याची मात्रा शेजाऱ्याने घ्यावी, तसला प्रकार.

आणखी एक: १४ जानेवारी म्हणजे ज्युलियन १ जानेवारी, आणि सध्या आपली संक्रांतही त्याच सुमारास. हा योगायोग आहे, आणि तो टिकणारा नाही. संक्रांत साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते, ज्युलियन नवं वर्ष शतकांच्या हिशोबाने. आपल्या पिढीला दोन्ही एकत्र मिळाले एवढंच.

---

वसईची_पोर | १० जानेवारी, रात्री ८.३०

आम्ही वसईचे कॅथलिक, त्यामुळे २५ डिसेंबरच्या बाजूने विचारते. त्या चौकातल्या चर्चमध्ये मध्यरात्रीचा मिस्सा होतो का? कुठल्या भाषेत? आणि मुलं घरोघरी गाणी म्हणत फिरतात का? आमच्याकडे फिरतात.

---

दुनावकाठी | १० जानेवारी, रात्री ९.१५

होतो. ते मेरीच्या नावाचं चर्च. कॅथलिक म्हणजे मुख्यतः हंगेरियन आणि क्रोएशियन, त्यामुळे प्रार्थना त्या दोन भाषांत चालतात. माझी एक हंगेरियन मैत्रीण २४ ला तिथे जाते आणि ६ जानेवारीला सर्ब सासूबरोबर ओकची फांदी जाळते. मिश्र लग्नं इथे पुष्कळ, आणि अशा घरातली पोरं दोन्हीकडचा खाऊ वसूल करतात.

गाणारी मुलंही असतात. वोय्वोदिनातल्या खेड्यांत बाद्न्ये वेचेला ती घरोघर जातात, अक्रोड, सफरचंद, हल्ली नाणी मिळवतात. शहरात आमच्या इमारतीत यंदा तिघं आली, एकाने फोन बघून गाणं म्हटलं.

---

मौनीबाबा | ११ जानेवारी, सकाळी ११.००

नोवी साद म्हटलं की मला रेल्वे स्टेशनची दुर्घटना आठवते. त्याचा सणांवर काही परिणाम झाला का? की तेवढ्यापुरतंच?

---

दुनावकाठी | ११ जानेवारी, दुपारी ४.३०

झाला, आणि मुद्दाम लेखात घेतला नव्हता, कारण तो दिव्यांच्या आणि बिस्किटांच्या मध्ये बसत नाही.

१ नोव्हेंबर २०२४ ला सकाळी ११.५२ ला स्टेशनच्या प्रवेशद्वारावरचं छत कोसळलं. स्टेशनचं नुकतंच नूतनीकरण झालं होतं. १६ माणसं गेली, त्यातलं शेवटचं पुढच्या मार्चमध्ये. त्यानंतर रोज ११.५२ ला लोक चौकाचौकांत गाड्या थांबवून उभे राहायचे, आधी १५ मिनिटं, मग १६. लाल पंजाचे ठसे सगळीकडे, म्हणजे जबाबदार लोकांचे हात रक्ताने माखलेत. त्या वर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री ११.५२ लाही लोक शांत उभे राहिले, म्हणजे वर्ष त्या शांततेतच बदललं. आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी फटाके आणले नव्हते.

जानेवारीच्या अखेरीस बेलग्रेडचे विद्यार्थी निषेध म्हणून चालत नोवी सादला आले, ८० किलोमीटर, भर हिवाळ्यात. वाटेवरच्या गावांतले लोक सूप, सार्मा, पेस्ट्र्या घेऊन रस्त्यावर उभे होते. १ फेब्रुवारीला दुनाववरचे पूल अडवले, आणि परत न्यायला बेलग्रेडहून टॅक्सीवाले आले. मी आधी लिहिलं की इथला सण दारामागे होतो. तो हिवाळा त्याला अपवाद. जे जेवण फक्त घरात वाढतात ते लोकांनी त्या वेळी रस्त्यावर आणलं.

राजकारणावर मी इथे आणखी लिहिणार नाही, परकी आहे.

---

मौनीबाबा | ११ जानेवारी, संध्याकाळी ५.१०

पुरे आहे. धन्यवाद.

---

निशचा_नाना | १४ जानेवारी, रात्री १०.२०

सगळ्यांना तिळगूळ घ्या, गोड बोला! काल रात्री पुन्हा फटाके, खोलीतले नेपाळी पोरगे म्हणाले "आता कशाचे?" तीळ मिळाले, गूळ नाही. साखरेच्या पाकात वड्या केल्या, दगड झाल्यात. मुकादमाला दिल्या. अजून चघळतोय.

---

शेवंता_सातारकर | १५ जानेवारी, सकाळी ८.००

नाना, पाक पक्का झाला. पुढच्या वेळी मधात करा, मऊ राहतील.

---

भटक्या_विमुक्त | १९ जानेवारी, दुपारी २.१५

पुढच्या वर्षी डिसेंबर-जानेवारीत यायचा विचार आहे. कधी यावं? व्हिसा लागत नाही ना? आणि आज नदीत पोहतात तो काय प्रकार, व्हिडिओ पाहिला.

---

दुनावकाठी | १९ जानेवारी, रात्री ८.४०

व्हिसा लागतो. पूर्वी भारतीय पारपत्रावर ३० दिवस तसंच येता यायचं, ते १ जानेवारी २०२३ पासून बंद झालं. जुने ब्लॉग वाचून तिकीट काढू नका.

आज बोगोयाव्ल्येन्ये, येशूच्या बाप्तिस्म्याचा दिवस. पाण्यात क्रूस ठेवतात आणि पोहणारे ३३ मीटर अंतर कापून तो मिळवायला सुटतात. ३३ का, तर येशूचं वय. काठावर हजार माणसं जाड कोटात आणि पाण्यात पोहण्याच्या चड्डीत पोरं. प्रोमायाला घाबरणारा हाच तो समाज, हे मला अजून जुळवता आलेलं नाही. आमच्या आजींना विचारलं, त्या म्हणाल्या, "नदीत प्रोमाया नसते."

कधी यावं: फक्त दिवे बघायचे असतील तर २८ डिसेंबर ते २ जानेवारी. ६ ला संध्याकाळी साबोर्ना या मुख्य ऑर्थोडॉक्स चर्चसमोरचा जाळ बघायला कोणाच्या ओळखीची गरज नाही, नाना, हे तुमच्यासाठीही, निशमध्येही होतो. ७ ला येऊ नका, आणि असाल तर सामान आधी भरून ठेवा. उद्या २० ला संत जॉनचा दिवस, म्हणजे पुन्हा स्लावा, आम्हाला दोन घरी जायचंय आणि दोन्हीकडे मांस आहे, कारण उपास संपला. २७ ला शाळेचा संत, सावा. मग मात्र फेब्रुवारीपर्यंत सामसूम.

---

भटक्या_विमुक्त | १९ जानेवारी, रात्री ९.०५

उत्तम. येताना भारतातून काय आणू? स्वेटर?

---

दुनावकाठी | १९ जानेवारी, रात्री ९.१२

स्वेटर इथे मिळतात. हिंग आणा. आणि नानांसाठी किलोभर गूळ.